नख का धडधडत नाही

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक काय काय विचारतात, याची मला तोवर चांगली सवय झाली होती. गाव कुठलं, लग्न झालंय का, मटण शिजवणार का, मित्र किती येणार. भरे गावातल्या त्या बाईंनी यातलं काहीही विचारलं नाही. त्यांनी दारातच मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, खिळ्याला टांगलेला स्टेथोस्कोप काढून कानात घातला आणि म्हणाल्या, "शर्टाची वरची दोन बटणं काढा."

मी काढली. का काढली हे मला आजही सांगता येणार नाही. पुण्यात येऊन जेमतेम चार महिने झाले होते आणि मोठ्या शहराजवळ अशीच पद्धत असेल असं मला वाटलं असावं. बाईंनी मिनिटभर ऐकलं, डोळे मिटून. मग टेबलावरच्या बुटांच्या खोक्यातून एक कोरं कार्ड काढलं आणि त्यावर बारीक अक्षरात लिहिलं, "पहिला ठोका ठीक. दुसरा घाईत." आणि मला सांगितलं की पाणी सकाळी सहा ते सात येतं, गच्चीच्या खोलीत थर्माकोलची एक पेटी आहे तिला हात लावायचा नाही, फक्त भारनियमन सुरू झालं की लावायचा. एवढ्या बोलीवर खोली माझी झाली. हे दोन हजार तीन सालचं.

मी लातूरकडचा. हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो आणि घोटवड्याच्या रस्त्यानं मोटरसायकलवर जा-ये करायचो. बाई तेव्हा साठीच्या पुढच्या. उंच, काटकुळ्या, सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. लग्न केलेलं नव्हतं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं काढली होती, आणि ती सगळीच्या सगळी कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाच्या हृदयाकडे बघण्यात. निवृत्तीनंतर आधी भूगावात फ्लॅट बघितला होता म्हणे, पण तिथली सोसायटी कोंबड्या पाळू देईना. बाईंनी फ्लॅट सोडला आणि भऱ्यात येऊन घर बांधलं. कोंबड्या आणि माणसं यांत निवड करायची वेळ आली तेव्हा आपण चटकन निर्णय घेतला, असं त्या अभिमानानं सांगत.

स्टेथोस्कोप दाराशी टांगलेला असायचा, लोक छत्री टांगतात तिथं. उंबरा ओलांडणाऱ्याचं हृदय ऐकल्याशिवाय बाई त्याच्याशी कामाचं बोलत नसत. मीटर बघायला येणारा, गॅसची टाकी आणणारा, पोस्टमन, सगळ्यांची कार्डं त्या बुटांच्या खोक्यात होती. मी डॉक्टर नाही, हे त्या प्रत्येकाला बजावून सांगायच्या. औषध कधी दिलं नाही. काही वेगळं ऐकू आलं तर चिठ्ठीवर "दाखवून यावे" असं लिहून द्यायच्या. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार हात जोडत आला, तर त्यालाही बटणं काढायला लावली आणि मताबद्दल एक अक्षर न बोलता चिठ्ठी दिली. तो निवडणूक हरला, पण तपासून आला आणि त्याची रक्तदाबाची गोळी सुरू झाली. पुढच्या निवडणुकीला आला तेव्हा दारातच स्वतःहून बटणं काढून उभा राहिला.

बाईंचा एक ठरलेला प्रश्न होता. समोरचा जरा स्थिरस्थावर झाला की त्या त्याच्या हाताकडे बोट दाखवून विचारायच्या, "तुमचं नख का धडधडत नाही, सांगा पाहू."

माणूस आधी आपल्या नखाकडे बघायचा, मग बाईंकडे, मग दाराकडे. मीही तसंच केलं होतं. मग बाई समजावून सांगायच्या. शरीरातल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात. हृदय कसं करायचं याची कृती पायाच्या अंगठ्यातही आहे. "घराच्या कोठीत सगळे डबे असतात. पण चकलीची भाजणी आपण दिवाळीला काढतो, रोज काढतो का? कुठला डबा कधी उघडायचा, किती काढायचं, झाकण केव्हा लावायचं, हे ठरवणारं घरात कुणीतरी असतं. हृदयाच्या पेशीत हृदयाचे डबे उघडे असतात, बोटाच्या पेशीत बंद. मी तीस वर्षं त्या ठरवणाऱ्याच्या मागावर होते."

"सापडला?" मी विचारलं होतं.

"एक नाही, पुष्कळ आहेत. आणि एकमेकांना विचारल्याशिवाय काही करत नाहीत. आपल्या सरकारी कचेरीसारखं आहे सगळं."

हृदयाबद्दल कुणी हळवं बोललेलं त्यांना चालत नसे. शेजारच्या घरातून सिनेमातलं गाणं ऐकू आलं आणि त्यात दिल तुटलं की बाई खिडकी लावून घ्यायच्या. हृदय हा स्नायू आहे, तो तुटत नाही, फार तर जाड होतो, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा जाच भाषेचा. बाईंचं बोलणं छापील पुस्तकासारखं. प्रत्येक क्रियापद पूर्ण, प्रत्येक अनुस्वार जागच्या जागी. मी सकाळी "निघूलालो, बाई" म्हणालो की मागून आवाज यायचा, "निघतो आहे." माझं लातूरचं बोलणं त्यांनी दोन वर्षांत इतकं घासूनपुसून काढलं की दिवाळीला घरी गेलो तर आई म्हणाली, टीव्हीवरच्या बातम्या सांगूलालास का रे?

भारनियमनाचं प्रकरण असं होतं. थर्माकोलच्या पेटीत एक साधा दिवा आणि एक थर्मामीटर होता आणि त्या उबेत बाईंची अंडी असायची. वीज गेली की अंडी गार पडू द्यायची नाहीत. लोकांकडे इन्व्हर्टर होते. बाईंकडे खुडूक कोंबडी होती. वीज गेली रे गेली की ज्या भाडेकरूचं हृदय घाईत आहे त्यानं गच्चीवर जाऊन एकेक अंडं उचलायचं आणि खाली परसात बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली सरकवायचं. वीज आली की परत. कोंबडीला हा व्यवहार अजिबात पसंत नव्हता. माझ्या उजव्या मनगटावर तिच्या चोचीची एक खूण अजून आहे. ऑफिसात मी ती मोटरसायकलवरून पडल्याची म्हणून सांगत असे.

पण त्या अंड्यांनी मला जे दाखवलं, त्यापुढं चोच काहीच नाही. एका रविवारी बाईंनी तीन दिवसांचं एक अंडं घेतलं, लहान कात्रीनं त्याच्या कवचाला नखाएवढी खिडकी पाडली आणि मला भिंगातून बघायला लावलं. पिवळ्यावर तांबड्या धाग्यांची जाळी पसरली होती आणि तिच्या मधोमध टिंबाएवढं काहीतरी लुकलुकत होतं. अजून पिल्लाला पिल्लू म्हणावं असं काही नव्हतं, चोच नाही, पीस नाही, आणि हे टिंब मात्र कामाला लागलं होतं. मला भरून आलं. बाईंच्या लक्षात येऊ नये म्हणून मी भिंगावरून डोळा काढला नाही.

"रडू नका, भिंग खराब होतं," बाई म्हणाल्या.

अंडी शेवंताबाई आणायची. तिचं मेंढरांचं बिऱ्हाड गावाबाहेरच्या माळाला टेकून होतं. पूर्वी सहा महिने फिरतीवर असायचे. नवरा गेल्यावर तिनं मेंढरं कमी केली, डझनभर कोंबड्या पाळल्या आणि लोकांच्या शेतात रोजानं जायला लागली. अंडी भुशाच्या पाटीतून आणायची आणि प्रत्येक अंड्यावर कोळशाची रेघ असायची. कालच्याला एक, परवाच्याला दोन. बाईंनी तारीख घालायचा आग्रह धरला होता, त्यावरची ही तडजोड. दोघींचं रोज एकदा तरी वाजायचं.

"बाई, अंडं खायाचं असतंय, बघायचं न्हाई," शेवंताबाई म्हणायची.

"असतंय नव्हे, असतं," बाई म्हणायच्या. शेवंताबाईला आपण काय बोललो होतो तेच मग आठवायचं नाही आणि भांडण तिथंच थांबायचं.

तिची मुलगी सारिका वीस-एकवीस वर्षांची होती. बारावी झालेली, शिडशिडीत, आणि पोलीस भरतीच्या मागं लागलेली. रोज पहाटे भऱ्यातून पिरंगुटच्या फाट्यापर्यंत पळत जायची आणि पळत यायची. मी ऑफिसला निघायचो तेव्हा ती परतताना दिसायची, चेहरा लाल, वेणी पाठीवर आपटत असलेली. तिला खाकी हवी होती. शेतातला मुकादम आईशी कसा बोलतो ते तिनं बघितलं होतं आणि खाकीतल्या बाईशी कुणी तसं बोलत नाही, हेही बघितलं होतं. एवढं सरळ गणित होतं.

एकदा आईला ताप होता म्हणून पळून आल्या आल्या तीच अंड्यांची पाटी घेऊन आली. बाईंनी खिळ्यावरून स्टेथोस्कोप काढला. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. एरवी मिनिटभरात आटपणाऱ्या बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "उकिडवी बस." ऐकलं. "ऊठ." ऐकलं. "परत बस. ऊठ." सारिकाला हसू यायला लागलं. बाईंना येत नव्हतं.

"तुझे वडील कशानं गेले?"

"मेंढरामागं पळत हुते, चढाला. पडलं त्ये उठलंच न्हाईत. चुलतं बी तसंच, नदीवर मेंढरं धुताना." तिनं हे ऊन फार आहे म्हणावं तसं सांगितलं. "बिरोबाचं कायतरी ऱ्हायलंय आमच्या घराचं. बाप्यांनाच हुतंय."

बाईंनी त्या दिवशी कार्डावर काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या शेवंताबाईच्या मागं लागल्या. नवऱ्याच्या घराण्यात कोण कोण कधी आणि कसं गेलं, याचा त्यांना कुळवृक्ष काढायचा होता. शेवंताबाई सासऱ्यापलीकडं जाईना. वर्षं तर तिला एकही सांगता येईना. बाई वैतागल्या. तीन दिवस असे गेल्यावर चौथ्या दिवशी शेवंताबाई बोलता बोलता सहज म्हणाली, "कानफाटी मेंढी जुळं व्याली, त्या साली हे गेलं."

बाईंनी पेन्सिल उचलली. कानफाटी कुणाच्या पोटची? शेवंताबाईचा चेहरा उजळला. माणसांच्या तीन पिढ्या जिला आठवत नव्हत्या, तिला मेंढ्यांच्या आठ आठवत होत्या. कानफाटीची आई बांडी, बांडीची आई सासूनं माहेराहून आणलेली, ती आली त्याच साली धाकटा दीर जन्मला. दोन दिवस बाईंनी कागदाच्या एका अंगाला मेंढ्या मांडल्या आणि दुसऱ्या अंगाला माणसं, आणि मेंढ्यांच्या पिढ्यांवरून माणसांची वर्षं मोजून काढली. शेवटी कागद माझ्यापुढं धरला. चार पिढ्या, आणि अचानक गेलेल्यांच्या पाच काळ्या खुणा. दोन बायकाही होत्या, एक बाळंतपणात गेलेली म्हणून सांगितलेली आणि एक विहिरीवर.

शेवंताबाईनं कागद बघितला. तिला वाचता येत नव्हतं, पण तो कागद तिला माझ्याआधी कळला. "एखाद्या मेंढ्याचं असं खोडील रगत असलं तर त्येच्या पोटची समदी न्हाई मरत," ती म्हणाली. "निम्मी. आन थोरलं दीर त्याच आयच्या पोटचं, साठीला आलं, अजून चढ चढत्यात."

बाईंना एवढ्या आनंदानं कुणाकडं बघताना मी पाहिलं नव्हतं. मला म्हणाल्या, हा प्रश्न विचारायला आम्हाला प्रयोगशाळेत अकरा वर्षं लागली. बिघडलेली कृती दोन भावांकडे एकच असते, तरी एकाचं हृदय जाड होतं आणि दुसऱ्याचं होत नाही. डबे उघडण्या-मिटण्याची रीत प्रत्येकाची वेगळी.

शनिवारी मी सारिकाला आणि तिच्या आईला पुण्यात एका इस्पितळात घेऊन गेलो. बिरोबाचं राहिलेलं काय असेल तेही करा आणि इकोही करा, असं बाईंनी सांगितलं होतं, त्यामुळं शेवंताबाईची तक्रार नव्हती. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. डावीकडच्या कप्प्याची भिंत असायला हवी त्याहून बरीच जाड होती. रोज गोळी घ्यायची, वरचेवर दाखवायचं. चालायला हरकत नाही, पळायचं नाही.

"किती दीस?" सारिकानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, कधीच नाही.

भरतीला सतरा दिवस होते.

त्यानंतर बाईंनी तिला समोर बसवून एक तास समजावलं. वहीत आकृत्या काढल्या. त्या तासात मी हृत्स्नायू, अतिवृद्धी आणि अभिव्यक्ती हे शब्द एका वाक्यात ऐकले. सारिका खाली मान घालून बसली होती. शेवटी म्हणाली, "तुमास्नी कोंबड्या कळत्यात बाई, माणसं न्हाईत. म्या रोज पळतीया, मला काय बी हुत न्हाई." आणि गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा रस्त्यावर होती. आमच्या घरासमोरून जाताना मानसुद्धा वळवली नाही.

बाई त्या आठवड्यात कुणाचंच हृदय ऐकत नव्हत्या. मीटरवाला बटणं काढून उभा राहिला, तर त्याला म्हणाल्या, असू द्या. एका संध्याकाळी अंड्याला खिडकी पाडताना त्या माझ्याशी बोलल्या, म्हणजे अंड्याशीच बोलत होत्या. म्हणाल्या, हे हृदय आत्ता ज्या जनुकांवर चाललं आहे, त्यातली काही मोठेपणी बंद होतात. गरज संपते. पण मोठ्या हृदयावर ताण आला, भिंत जाड व्हायला लागली, की ते लहानपणीचे डबे पुन्हा उघडतं. अंड्यात असताना जे करायचं ते करायला लागतं. थोडे दिवस उपयोग होतो, पुढं नुकसानच होतं.

"म्हणजे घाबरलं की आईच्या पदराखाली जायला बघतं," मी म्हणालो.

"हृदय हा स्नायू आहे. त्याला आई नसते," बाई म्हणाल्या. पण नेहमीसारख्या तुटकपणे नाही.

भरतीच्या दिवशी सकाळी साडेपाचला बाईंचा फोन वाजला. वस्तीतलं कुणीही कुणालाही बोलवायचं असलं की तोच नंबर देत असे. फोन पौडहून, सारिकाच्या मावशीचा होता. पोरगी रात्री मुक्कामाला आली, आईला सांगून आले म्हणाली, आणि आता सहाच्या गाडीनं पुण्याला निघाली आहे. तिला आवरा, माझं ऐकेना.

मी मोटरसायकल काढली. बाई एका बाजूला पाय सोडून मागं बसल्या, स्टेथोस्कोप गळ्यातच. पिरंगुटपासून पौडपर्यंत त्या सारखं किती वाजले ते विचारत होत्या.  

स्टँडवर गाडी सुरू होऊन धूर सोडत उभी होती. खिडकीशी सारिका बसली होती, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर पळायचे बूट. बाई उतरल्या त्या थेट गाडीच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि बॉनेटवर हात ठेवला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाई हलल्या नाहीत. मोठ्यानं, स्पष्ट उच्चारात त्यांनी सुरुवात केली की सारिका, कृपा करून खाली उतर, तुझ्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत... एवढं म्हणेपर्यंत गाडीतली माणसं हसायला लागली. सारिकानं तोंड पलीकडं वळवलं. ड्रायव्हरनं गिअर टाकला.

आणि मग त्या बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी कधी ऐकलेला नव्हता.

"ए सारे, उतर खाली. हितं म्या घसा फोडतीया आन तू त्वांड फिरवतीस व्हय? तुजा बा असाच पळता पळता ग्येला. माजा भाव बी असाच ग्येला, जत्रंतल्या आखाड्यात, तेवीस वर्साचा गडी. म्या तितं हुते. त्येचं डोस्कं मांडीव घेऊन बसले हुते. आमास्नी सांगाया कुनी नव्हतं गं. तुला सांगतीया तर ऐकाया काय हुतंय? उतर म्हंते न्हवं."

गाडीतलं हसणं थांबलं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. स्टँडवर एका म्हाताऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला आणि उठून उभा राहिला. सारिका खिडकीतून बाईंकडं बघत होती, एखाद्या ओळखीच्या माणसाला बघावं तशी. मग तिनं पिशवी घेतली आणि उतरली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. सारिकाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तुमी हितल्याच हाय?" तिनं विचारलं.

"चहा घेऊ या," बाई म्हणाल्या. "साखर कमी घालायला सांगा त्यांना."

परतताना सारिकाला तिच्या मावशीकडं सोडलं. भऱ्याच्या वाटेवर मी बाईंना विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या.  उत्तर मागून तुकड्यातुकड्यांनी आलं. पौडच्या पुढच्या धरणाच्या वरच्या अंगाला एक वाडी होती. भाऊ गेल्यावर मामानं शिकायला पुण्यात नेलं. प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात त्या "न्हाई" म्हणाल्या आणि सगळे हसले. तीन वर्षं रोज पुस्तक मोठ्यानं वाचून त्यांनी ते बोलणं घालवलं.

"आणि भाऊ? त्याच्यामुळंच तुम्ही हृदयाकडं?"

"एका घटनेवरून निष्कर्ष काढू नये. ऊन फार होतं त्या दिवशी. उष्माघातही असेल."

"मग आज ते सगळं बोलणं..."

"तो डबा मी बंद केला होता," बाई म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "पुढं बघून चालवा, खड्डा आहे."

त्या दिवसापासून बाईंनी माझं बोलणं सुधारणं सोडलं. मी "निघूलालो" म्हणालो तरी मागून नुसतं "हं" यायचं.

सारिकाचं सांगायचं राहिलं. सहा महिने ती कुणाशी धड बोलली नाही. पुढं एसटीत कंडक्टरची जागा निघाली. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, पळायचं नव्हतं, आणि गणवेश खाकी होता. पौडच्याच फेरीवर तिला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका दांडगट माणसाला, सुटे नसतील तर खाली उतर, असं सांगत होती आणि तो खिसे चाचपत होता. मी तिला एकदा विचारलं, त्या दिवशी तू उतरलीस कशी. ती म्हणाली, "डागदर सांगत हुते तवा वाटलं, ह्येंचं काय जातंय. बाई वरडल्या तवा वाटलं, हिचं कायतरी जातंय."

मी लग्न करून भूगावात फ्लॅट घेतला. तिथं कोंबड्या अजूनही चालत नाहीत. पण महिन्यातून एखाद्या रविवारी भऱ्याला जायचो. दोन हजार दहाच्या हिवाळ्यात असाच गेलो, तर सारिका आलेली. तिची मुलगी वर्षाची झाली होती. बाळंतपण डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट पार पडलं होतं. आता तिनं पोरीला ऐकायला आणलं होतं. शेवंताबाई भिंतीला टेकून बसली होती, हात कोळशानं काळे.

बाई सत्तरीच्या झाल्या होत्या. गच्चीवर जाणं बंद झालं होतं, स्टेथोस्कोपची नळी एका ठिकाणी चिकटपट्टीनं जोडलेली होती. त्यांनी तो जुना कागद काढला, एका अंगाला मेंढ्या आणि एका अंगाला माणसं. सारिकाच्या नावाखाली एक छोटं वर्तुळ काढलं आणि त्यात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह घातलं. मग म्हणाल्या, या वयात ऐकून काहीही ठरत नाही. शक्यता निम्मी आहे. इको करायचा, आणि पुढंही ठरावीक वर्षांनी करत राहायचा, एकही चुकवायचा नाही. सारिका प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती. तिचा चेहरा मला पौडच्या स्टँडवरच्या खिडकीतला आठवत होता.

बाईंनी पोरीचं झबलं वर केलं, चकती तळव्यावर घासून गरम केली आणि तिच्या छातीवर ठेवली. पोरीनं नळी पकडली. बाईंनी डोळे मिटले.  परसातून कोंबडीचा आवाज येत होता. मिनिट गेलं, दोन गेली. मी माझी नखं बघत बसलो होतो.

"काय ऐकू येतंया?" सारिकानं शेवटी विचारलं.

संकट आलं तरच लहानपणीचे डबे उघडतात, असं मला याच बाईंनी शिकवलं होतं. त्यांनी डोळे उघडले नाहीत, कानातली नळीही काढली नाही.

"लई ग्वाड वाजतंय गं," त्या म्हणाल्या.